मोजायचं कुठून?

घर बांधायला काढलं, की चांगला गवंडी पहिल्या दिवशी वीट रचत नाही. आधी तो खुंट्या ठोकून दोरी ताणतो, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे का ते पाहतो, ओळंबा सोडतो आणि पाण्याची नळी धरून चारी कोपऱ्यांवर एकाच पातळीच्या खुणा करतो. घरमालकाला वाटतं, काम अजून सुरूच झालेलं नाही. खरं तर सर्वांत मोलाचं काम तेव्हाच होत असतं. उंबरठा किती उंच, खिडकीची चौकट कुठे, जिन्याची पहिली पायरी कुठून, हे पुढे त्या खुणांवरूनच मोजलं जाणार असतं. खूण चुकली, तर नंतरचं प्रत्येक माप टेपवर बरोबर येतं आणि घर मात्र वाकडं होतं.

यंत्रांच्या दुनियेत या खुणेला डेटम म्हणतात. ज्या पृष्ठभागापासून किंवा कडेपासून बाकीची सगळी मापं घ्यायची, तो डेटम. चौकोनी ठोकळ्यात भोक पाडायचं असेल तर फारसा प्रश्न पडत नाही. या कडेपासून वीस मिलिमीटर, त्या कडेपासून तीस, झालं काम. पण ठोकळ्याची एक बाजू उतरती असेल आणि भोक त्या उतारावरच हवं असेल तर? उताराच्या कडेपासून मोजायचं, की खालच्या बैठकीपासून? आणि हे कागदावर असं कसं काढायचं, की कधीही न भेटलेल्या कारागिराला ते नेमकं कळावं?

या प्रश्नाचं उत्तर ज्या चित्रभाषेत आजही लिहिलं जातं, ती भाषा घडवणाऱ्या माणसाचं नाव गास्पार मोंज. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हिरव्या बोर्डावर शीट चिकटवून रात्री जागवणाऱ्या मुलामुलींना त्याचं नाव क्वचितच सांगितलं जातं. त्याचं आयुष्य मात्र एखाद्या कादंबरीत सहज शोभावं असं होतं.

फ्रान्समधला बर्गंडी हा प्रांत द्राक्षांचा आणि वाइनचा. तिथल्या बोन नावाच्या गावी १७४६ साली गास्पारचा जन्म झाला. वडील छोटे व्यापारी. घराण्याला सरदारकीचा वारा लागलेला नव्हता, पण मुलांना शिकवायचं या बाबतीत बाप हट्टी होता. गास्पार गावातल्या पाद्र्यांच्या शाळेत शिकला, सोळाव्या वर्षी लियाँ शहरी गेला, आणि सतराव्या वर्षी तिथेच त्याच्याकडे पदार्थविज्ञान शिकवण्याचं काम आलं. विद्यार्थी आणि मास्तर यांच्यात वयाचं अंतर असं नव्हतंच.

सुट्टीत घरी आला असताना या मुलाने आपल्या गावाचा मोठा नकाशा काढला. मोजणीची साधनं विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तीही स्वतःच बनवली. लष्कराच्या एका अधिकाऱ्याच्या नजरेला तो नकाशा पडला आणि त्याने या पोराची शिफारस मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग विद्यालयाकडे केली. फ्रान्सच्या ईशान्य सरहद्दीजवळचं हे विद्यालय त्या काळी नावाजलेलं होतं. गास्पार आनंदाने गेला. तिथे पोचल्यावर त्याला कळलं, की अधिकाऱ्यांच्या वर्गात प्रवेश मिळतो तो फक्त खानदानी मुलांना. व्यापाऱ्याच्या मुलासाठी बाजूला वेगळी शाखा होती. तिथे नकाशे काढायचे, आणि दगड कसा कापायचा हे समजावं म्हणून प्लास्टरच्या प्रतिकृती बनवायच्या. थोडक्यात, अक्कल चालेल, पण पंगत वेगळी.

त्याच्या कपाळी लिहिलेलं बदललं ते एका गणिताने. एका किल्ल्याच्या तटाची आखणी करायचं काम त्याच्याकडे आलं. अट अशी, की आसपासच्या टेकड्यांवर शत्रूने तोफा चढवल्या, तरी आतल्या शिपायांवर त्याची नजर किंवा गोळा थेट पडू नये. त्या काळी यासाठी ठिकठिकाणची उंची घेऊन आकडेमोडीचे ढीग रचावे लागत. गास्पारने आकडे बाजूला ठेवले आणि भूमितीचा आधार घेतला. टेकड्यांच्या माथ्यांना स्पर्श करत जाणारं एक तिरकं प्रतल मनात धरलं, की कुठे तट किती उंच हवा हे त्या प्रतलावरून सरळ ठरतं. ज्या पातळीवरून मोजायचं ती पातळी आडवीच असली पाहिजे असं नाही. कामाला जी योग्य, ती धरावी.

तो उत्तर घेऊन गेला तेव्हा वरिष्ठ अधिकाऱ्याने ते तपासायलाच नकार दिला. इतक्या थोड्या वेळात हे गणित सुटणंच शक्य नाही, असं त्याचं म्हणणं. कचेरीत आयुष्य काढलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. फाइल लवकर निकाली निघाली, की ती नीट पाहिली नसणार असंच साहेबाला वाटतं. गास्पारने हट्ट धरला, शेवटी उत्तर तपासलं गेलं आणि ते बरोबर निघालं. त्याला शिक्षकाचं काम मिळालं, पण एका बंधनासह. ही पद्धत लष्करी गुपित ठरली. ती वर्गाबाहेर जाता कामा नये. पुढची सुमारे पंचवीस वर्षं त्याने हे बंधन पाळलं.

हे गुपित होतं तरी काय? घरच्या घरी करून पाहता येईल असं आहे. एक जाड पुस्तक काटकोनात उघडा, एक पान टेबलावर आडवं आणि दुसरं उभं. मध्ये हवेत एक सुपारी धरा. सुपारीच्या सरळ खाली आडव्या पानावर एक ठिपका काढा, आणि सरळ मागे उभ्या पानावर दुसरा. आता सुपारी खिशात टाका आणि पुस्तक सपाट उघडा. हवेतली सुपारी गेली, पण एका सपाट कागदावर दोन ठिपके राहिले. मधल्या घडीपासून उभ्या पानावरचा ठिपका किती दूर, त्यावरून सुपारीची उंची कळते. आडव्या पानावरचा किती दूर, त्यावरून ती मागच्या पानापासून किती पुढे होती ते कळतं. लांबी, रुंदी आणि उंची असलेलं जग दोन ठिपक्यांत मावलं, आणि हवं तेव्हा परत उभं करता येऊ लागलं.

पाथरवटांकडे आणि सुतारांकडे अशा युक्त्या पूर्वीही होत्या. पण कमानीची वेगळी, जिन्याची वेगळी, आणि बहुतेक बापाने मुलाला सांगितलेल्या. मोंजने त्या सगळ्यांच्या बुडाशी असलेलं एक शास्त्र दाखवलं. पुस्तकाची दोन पानं म्हणजे दोन ठरलेली प्रतलं. सगळं मोजमाप त्यांच्यापासून.

आता सुपारीच्या जागी एक तिरका पत्रा धरा, गोल भोक असलेला. आडव्या पानावर भोक चपटं दिसेल, उभ्या पानावरही चपटं दिसेल, आणि पत्र्याची लांबी दोन्हीकडे खरीपेक्षा कमी भरेल. दोन्ही चित्रं बरोबर आहेत, तरी खरं भोक दोन्हीत नाही. यावर तोड अशी, की पत्र्याला समांतर असं तिसरं पान धरायचं आणि त्यावर चित्र घ्यायचं. तिथे भोक गोल दिसतं, लांबी खरी दिसते. मात्र ते तिसरं पान कुठे आणि किती तिरकं, हे पहिल्या दोन पानांवरूनच ठरवायचं. नव्या नजरेने बघायला हरकत नाही, पण पहिली खूण सोडायची नाही.

बँकेत असताना लघुउद्योगांच्या कर्जांची पाहणी माझ्याकडे होती, त्यामुळे हा प्रश्न मी लोखंडात पाहिला आहे. एका लहान कारखान्यात कोपऱ्यात ब्रॅकेटचा ढीग पडला होता. गिऱ्हाइकाने परत पाठवलेला. मालक बोलायच्या मनःस्थितीत नव्हते, पण त्यांच्या जुन्या फिटरने मला ड्रॉइंग समजावलं. ब्रॅकेटची बैठक सपाट, तिच्यापासून तीस अंशांनी वर गेलेली बाजू, आणि त्या बाजूवर, घडीपासून उतारावर ८० मिलिमीटर अंतरावर एक भोक. वरून पाहिलं, तर हेच ८० मिलिमीटर ६९.२८ दिसतात. कुणीतरी वरून काढलेल्या चित्रातला आकडा उतारावर मोजला होता. भोक जवळजवळ अकरा मिलिमीटर अलीकडे पडलं होतं.

ती ढोबळ चूक होती, पण फिटरच्या मते खरी गोम दुसरीच होती. घडीपासून मोजा म्हणणं सोपं, पण पत्रा वाकवला की घडी गोलसर होते. तिथे टेकवायला धारदार कडच उरत नाही. शिवाय वाकवताना कोन अर्ध्या अंशाने चुकला, तीसचा साडेतीस झाला, तर उतारावर मोजलेले ८० मिलिमीटर बिनचूक असूनही भोक बैठकीपासून ०.६ मिलिमीटर वर जातं. त्या भोकात येणारा दांडा जर बैठक ज्या यंत्रावर बसते त्याच यंत्रातून येत असेल, तर तो अडणारच. म्हणून आधी विचारायचं, की हा ब्रॅकेट यंत्रात कशावर बसतो? बसतो तो बैठकीवर. मग पहिला डेटम बैठक, तिच्यात आधीच पाडलेलं भोक हा दुसरा, आणि उतारावरच्या भोकाची जागा या दोघांपासून. उलट, उताराच्या बाजूवर एखादं झाकणच घट्ट बसवायचं असेल आणि चारही भोकं झाकणाशी जुळायची असतील, तर त्या भोकांची आपसातली जागा उतारावरूनच मोजलेली बरी. ज्यावर वस्तू खरोखर टेकते, तिथून मोजायचं. सोयीचं दिसतं तिथून नव्हे.

डेटमची आज वापरात असलेली पद्धत मोंजने लिहिलेली नाही. ती विसाव्या शतकात आकाराला आली. स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यात काम करणाऱ्या स्टॅन्ली पार्कर यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं. पहिला डेटम तीन बिंदूंवर टेकवायचा, दुसरा दोन बिंदूंवर, तिसरा एका. तिपाई कधी डुगडुगत नाही आणि चार पायांचा चौरंग हटकून डुगडुगतो, हे आपल्याला देवघरातच कळलेलं असतं. तेच हे. पण ड्रॉइंगच्या ज्या कागदावर हे डेटम लिहायचे, तो कागद मोंजचा.

मेझिएरला असतानाच १७७७ साली त्याने कातरीन युआर या तरुण विधवेशी लग्न केलं. तिच्याकडे लोखंडाची भट्टी होती, तेव्हा घरातच त्याला धातूंचा अभ्यास मिळाला. १७८० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्याची निवड झाली. नंतर आरमाराच्या उमेदवारांचा परीक्षक म्हणून तो बंदरोबंदर फिरला. आणि १७८९ साली क्रांती झाली. ज्याला जन्मामुळे वेगळ्या पंगतीला बसवलं होतं, तो क्रांतीच्या बाजूला गेला, यात नवल ते काय.

क्रांतीने त्याला आणखी एक डेटम ठरवायला दिला, अख्ख्या देशाचा. फ्रान्समध्ये गावागणिक मापं वेगळी होती, एका गावचं हात-कापड दुसऱ्या गावी आखूड भरे. १७९१ साली अकादमीच्या ज्या पाच जणांच्या समितीने लांबीचं नवं माप सुचवलं, त्यात बोर्दा, लाग्रांज, लाप्लास आणि काँदोर्से यांच्याबरोबर मोंज होता. कुठल्याही राजाच्या हाताचं किंवा पावलाचं माप नको. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग घ्यावा, म्हणजे ते सर्वांचं होईल. हाच मीटर. आपल्याकडे १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५७ साली रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि आमच्या वडिलांच्या पिढीला शेर-पायली व आणे विसरावे लागले. त्या सगळ्याचं मूळ इथे आहे.

१७९२ साली मोंज आरमाराचा मंत्री झाला. हे काम त्याला मानवलं नाही, काही महिन्यांतच तो त्यातून बाहेर पडला. मात्र जानेवारी १७९३ मध्ये राजाला गिलोटिनवर चढवलं गेलं तेव्हा तो मंत्रिमंडळात होता, आणि ही गोष्ट राजपक्षाचे लोक कधीच विसरले नाहीत. मग चारी बाजूंनी शत्रू चालून आले. तोफा नाहीत, दारू नाही. मोंज ओतशाळांमधून फिरू लागला. देवळांच्या घंटा वितळून तोफा ओतल्या गेल्या, तळघरांतली माती धुऊन सोरा काढला गेला. तोफा कशा बनवाव्यात यावर त्याने कारागिरांसाठी एक पुस्तकच लिहिलं.

त्याच धामधुमीत १७९४ साली पॅरिसमध्ये एक नवं विद्यालय निघालं. पुढच्या वर्षी त्याला एकोल पॉलितेक्निक हे नाव मिळालं. मोंज त्याच्या संस्थापकांतला एक. इथे प्रवेश परीक्षेवर, बाप कोण आहे ते पाहून नव्हे. आणि १७९५ च्या आरंभी, शिक्षक तयार करण्यासाठी देशभरातून बोलावलेल्या हजाराहून अधिक लोकांसमोर, मोंजने फळ्यावर दोन प्रतलं काढली आणि इतकी वर्षं जपलेलं गुपित उघड केलं. ही व्याख्यानं १७९९ साली पुस्तकरूपाने आली. ही विद्या कारागिराला आली तर देशाचे उद्योग दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहणार नाहीत, अशी त्याची धारणा होती. गुपित म्हणून ती एका किल्ल्याच्या कामाची होती, उघड झाल्यावर ती साऱ्या जगाची झाली. क्लोद क्रोझे या पॉलितेक्निकच्या विद्यार्थ्याने पुढे ती अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात नेली.

मंत्री असताना तोफखान्याच्या एका अनोळखी तरुण अधिकाऱ्याशी मोंज सौजन्याने वागला होता, असं सांगतात. तो अधिकारी ते विसरला नाही. १७९६ साली इटलीत तो त्याला पुन्हा भेटला, आता विजयी सेनापती म्हणून. नाव नेपोलियन बोनापार्ट. पन्नाशीचा गणिती आणि सत्तावीस वर्षांचा सेनापती यांची मैत्री जमली ती कायमची. या मैत्रीत सगळंच गोड नव्हतं. इटलीतली चित्रं आणि पुतळे निवडून पॅरिसला नेणाऱ्या मंडळात मोंज होता. जिंकलेल्यांची ती लूटच होती, आणि त्याच्या चरित्रातून ते पान फाडता येत नाही.

१७९८ साली तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. वाळवंटात तहानेने कासावीस झालेले सैनिक समोर तळी दिसली म्हणून धावत आणि तळी मागे सरत. मोंजने हे मृगजळ न्याहाळलं. तापलेल्या वाळूलगतच्या हवेत प्रकाशाची वाट बदलते आणि डोळ्याला आकाशच जमिनीवर दिसतं, असं त्याने कारण मांडलं. कैरोत स्थापन झालेल्या विद्वानांच्या संस्थेचा तो अध्यक्ष होता आणि नेपोलियन उपाध्यक्ष.

परतल्यावर मोंज सेनेटर झाला, नंतर सरदार झाला. सरदारकी नष्ट करायला निघालेला माणूस स्वतः काउंट झाला, याची थट्टा तेव्हाही झालीच. पण वर्ग त्याने सोडला नाही. १८०४ साली नेपोलियनने सम्राटपद घेतलं तेव्हा पॉलितेक्निकची मुलं कुरकुरली. त्याची तक्रार खुद्द सम्राटाने मोंजकडे केली. मोंजने उत्तर दिलं, की यांना प्रजासत्ताकवादी करायला आम्हाला फार कष्ट पडले आहेत, आता सम्राटवादी व्हायला त्यांना जरा वेळ द्या, आपण वळण फारच अचानक घेतलंत. हा किस्सा त्याच्या चरित्रांत हमखास येतो. नेपोलियनला असं सुनावणारी माणसं थोडी होती.

१८०९ साली प्रकृतीमुळे शिकवणं थांबलं. १८१२ साली रशियातून फ्रेंच सैन्याच्या वाताहतीची बातमी आली आणि मोंजला झटका आला. १८१५ साली वॉटर्लूला सगळं संपलं. नेपोलियन अमेरिकेला जायचा विचार करत होता, तेव्हा सत्तरीला टेकलेला मोंज त्याच्याबरोबर निघायला तयार होता, असं म्हणतात. त्याच्या आयुष्याचा डेटम तो माणूस होता. दुसरे कितीतरी जण एका रात्रीत नव्या राजापासून मोजायला लागले, मोंजला ते जमलं नाही. तो डेटम योग्य होता का, यावर वाद घालता येईल. त्याने तो बदलला नाही, एवढं मात्र खरं.

१८१६ साली नव्या राजवटीने त्याचं नाव विज्ञान अकादमीतून काढून टाकलं. जिथे तो छत्तीस वर्षांपूर्वी निवडून आला होता, तिथली त्याची जागा सरकारी हुकमाने कोशी या तरुण गणितज्ञाला दिली गेली. कोशी थोर होता, पण जागा अशी मिळाली हे अनेकांना खुपलं. ज्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची जागा नेमकी कशी सांगावी हे शिकवलं, त्याला स्वतःला कुठेच जागा उरली नाही. मन आणि बुद्धी दोन्ही ढासळत गेली. २८ जुलै १८१८ रोजी पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं.

पॉलितेक्निकच्या मुलांनी अंत्ययात्रेला जायची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. हुकूम मोडला असता तर शाळाच बंद झाली असती, कारण दोन वर्षांपूर्वी सरकारने तेच केलं होतं. मुलांनी हुकूम पाळला. कबरीपाशी त्याचा जुना मित्र, रसायनशास्त्रज्ञ बर्तोले बोलला. मग पुढचा सुट्टीचा दिवस उजाडला, तेव्हा ती मुलं पेर लाशेज स्मशानभूमीत गेली आणि गुरूच्या कबरीवर त्यांनी हार वाहिला. त्या दिवशी कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आयफेल टॉवरवर कोरलेल्या बहात्तर नावांत मोंजचं नाव आहे. क्रांतीच्या द्विशताब्दीला, १९८९ साली, त्याच्या अस्थी समारंभाने पॅरिसच्या पाँतेऑनमध्ये नेण्यात आल्या. हा सन्मान यायला एकशे एकाहत्तर वर्षं लागली.

आता ड्रॉइंग संगणकाच्या पडद्यावर निघतं. वस्तू बोटाने फिरवता येते, तिसरं पान धरायला एक क्षणही लागत नाही. पण पहिली खूण कुठे करायची, हे पडदा सांगत नाही. तुमच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असेल, आणि तिरक्या प्रतलांना कंटाळून पेन्सिल फेकायच्या बेतात असेल, तर त्याला किंवा तिला हार घेऊन गेलेल्या त्या मुलांची गोष्ट सांगा. शीट मग रात्रीतून पुरी होईलच असं नाही, पण त्या रेषा कुणी आणि कोणत्या मोलाने सोडवून आणल्या, हे तरी कळेल.